नवा माईक घेण्याआधी

कोजागिरी झाली, काकडा सुरू झाला की माझ्या फोनला उसंत नसते. बेल्यातून, जैनथकडून, पैनगंगेपलीकडच्या गावांतून पोरांचे फोन येतात. भजनी मंडळाने वर्गणी काढून माईक लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस घेतलेला असतो, लॅपटॉप कोणाच्या तरी कॉलेजातल्या पोराचा असतो, यूट्यूबवर बघून चार-आठ माईक लावलेले असतात आणि पहिल्याच पहाटेचे रेकॉर्डिंग बिघडलेले असते. विचारणा बहुतेक एकच: "भाऊ, आवाज तुटून राह्यला. नवा माईक घेऊ का?"

नका घेऊ. कापसाच्या पैशातले पाच-सात हजार माईकवर घालण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा आणि आवाज नेमका कुठे बिघडतो ते शोधा. इतक्या वर्षांत माईकच चोर निघाला असे माझ्या पाहण्यात मोजक्या वेळा झाले. चोर एक तर लॅपटॉपच्या पोटात बसलेला असतो, नाहीतर भिंतीतल्या वायरीत. आणि नवा माईक आणून लावला की तो तोच बिघाड जास्त स्वच्छ ऐकवतो.

घाई का करू नका म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. १९५६ साली राज्ये नव्याने आखली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, आणि आमचा बेला इकडे तेलुगू मुलखातच राहिला. कचेरीतला कागद तेलुगूत आणि देवळातला अभंग मराठीत, असा आमचा संसार आहे. इथल्या भजनांच्या चाली, जात्यावरच्या ओव्या, दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडारीत वाजणारे ढोल आणि पेपरे, यातले बरेचसे कुठल्या वहीत उतरलेले नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आपल्या आजीची ओवी उतरवायला मात्र तसे कोणी येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. ती तुमच्याच लॅपटॉपवर उतरणार आहे, आणि बहुतेक वेळा तेवढी एकच प्रत असणार आहे.

ती प्रत कशी हातची जाते ते मी स्वतः भोगले आहे. मे महिन्यात मामीकडे ओव्या घ्यायला गेलो होतो. माजघरात जाते, मामी सत्तरीपुढची, खुंट्याला हात लावायला समोर शेजारची आजी. एक माईक मामीच्या तोंडाशी, एक आजीकडे, तिसरा खाली जात्याच्या घरघरीसाठी, असे तीन ट्रॅक. लॅपटॉप ठेवला खाटेवरच्या गादीवर. कानाला हेडफोन, सगळे सुरेख ऐकू येत होते. रात्री घरी येऊन वाजवले तर पहिल्या तीन ओव्या ठीक आणि चौथीत चर्र, टक्, मग अर्धा शब्द गायब, पुन्हा चर्र. गादीने लॅपटॉपच्या पोटाची हवा बंद केली होती. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन. तापलेला लॅपटॉप जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. त्यात मामाच्या पोराने कौतुकाने त्याला आपल्या फोनचे हॉटस्पॉट जोडून दिले होते, आणि लॅपटॉप मागल्या मागे आपले अपडेट उतरवत बसला होता.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. मामी आनंदाने बसली, पण चौथी ओवी आली ती वेगळीच. मी जुनी आठवण करून द्यायला लागलो तर म्हणाली, "तवा आली, आता नाई येत. ओवी काय पाठ करून म्हंतेत का?"

तर आता कामाचे बोलू.

पहिली तपासणी फुकटची आहे. बिघडलेला तुकडा दोनदा वाजवा आणि सेकंदाचा आकडा बघा. टक् आवाज दोन्ही वेळा त्याच जागी आला तर तो रेकॉर्डिंगमध्ये बसला आहे. एकदा इथे, एकदा तिथे आला तर रेकॉर्डिंग शाबूत आहे, फक्त वाजवताना लॅपटॉपला दम लागतो आहे. दुसऱ्या प्रकारात घाबरण्यासारखे काही नाही. चांगले रेकॉर्डिंग असे 'बिघडले' म्हणून पुसून टाकणारे दोघे मला माहीत आहेत.

आवाज त्याच जागी येत असेल तर तिथे पडद्यावर मोठे करून बघा, अगदी लाटेचा एकेक ठिपका दिसेपर्यंत. माईकमधून आलेली खरखर कितीही वाईट असली तरी तिची लाट चढते आणि उतरते. संगणकाने गाळलेला आवाज तसा दिसत नाही. तिथे लाट मध्येच विळ्याने कापल्यासारखी सरळ तुटते, किंवा थोडा वेळ सपाट रेघ येते आणि पुढे भलत्याच उंचीवरून सुरू होते. असा कडा दिसला तर माईक, केबल, अर्थिंग सगळे सोडा आणि लॅपटॉपकडे वळा. कडा दिसत नसेल, लाट गोल पण घाण असेल, तर लॅपटॉपला हात लावू नका, वायरीकडे जा. निम्मे भांडण इथेच मिटते. लोक वायरीचा रोग लॅपटॉपात शोधतात आणि लॅपटॉपचा वायरीत, म्हणून रात्र जाते.

लॅपटॉपचे आधी बघू. माईकचा आवाज इंटरफेसमध्ये सेकंदाला ४८,००० आकडे होऊन येतो, आणि हे दर माईकचे. संगणक एकेक आकडा उचलायला येऊ शकत नाही. म्हणून नळाखाली बादल्या लावतो तसे करतात. एक बादली भरते तोवर दुसरी रिकामी करून आणायची. या बादलीला बफर म्हणतात. नळ बंद होत नाही, गाणारा थांबत नाही. संगणक त्या क्षणी दुसऱ्या कामाला गेला आणि यायला उशीर झाला की बादली वाहून जाते, आणि जे वाहून गेले ते कायमचे. तोच तुमचा तुटलेला शब्द.

आता बादली केवढी? बफर ६४ ठेवला तर ती सव्वा-दीड मिलिसेकंदात भरते, १०२४ ठेवला तर एकवीस मिलिसेकंदांत. म्हणजे संगणकाला सोळापट उसंत. मग सगळे जण १०२४ का ठेवत नाहीत? कारण शहरातल्या स्टुडिओत गाणारा आपलाच आवाज संगणकातून फिरून आलेला ऐकत असतो, आणि बादली मोठी असली की तो उशिरा येतो. आवाज हवेतून दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटर जातो. एकवीस जाताना आणि एकवीस येताना म्हटले तर पखवाजवाला चौदा-पंधरा मीटरवर, म्हणजे देवळाबाहेरच्या पारावर बसून वाजवतो आहे असे वाटेल. ताल कसा जमणार?

पण देवळात एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या भजनी मंडळाला संगणकातून ऐकायचेच कशाला? ती माणसे एकमेकांना सरळ कानांनी ऐकतात. तुम्हाला हेडफोनवर ऐकायचे तर इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चे बटण असते, ते दाबा. आवाज संगणकात न जाता तिथूनच परत येतो. मग बफर बिनधास्त १०२४ ठेवा, मिळत असेल तर २०४८. यूट्यूबवरचा शहाणा सांगतो की बफर जितका कमी तितके चांगले. तो गिटार वाजवत असतो. त्याचे ऐकून काकड्याला १२८ ठेवणारी पोरे मला दर वर्षी भेटतात.

या बटणाची एक खोड मात्र आहे, आणि मामीकडे तिनेच मला फसवले. डायरेक्ट मॉनिटरवर तुम्ही संगणकाच्या अलीकडचा आवाज ऐकता, तुटतो तो पलीकडे. हेडफोनमध्ये सगळे गोड आणि आत राडा. म्हणून खऱ्या कामाआधी दहा मिनिटांचे खोटे रेकॉर्डिंग करा, सगळे माईक लावून, सगळे ट्रॅक चालू ठेवून, आणि ते वाजवून ऐका. ऑडॅसिटी वापरत असाल तर तिच्यात आवाज गळाला की त्या जागी खूण करून ठेवण्याची सोय आहे, प्रेफरन्सेसच्या खिडकीत रेकॉर्डिंगखाली ती चालू आहे का ते बघून घ्या.

विंडोजवाल्यांनी ड्रायव्हरकडे लक्ष द्या. इंटरफेस लावला आणि आवाज आला म्हणजे झाले असे नसते. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली असिओ नावाची वाट काढली. विंडोजचा नेहमीचा गर्दीचा रस्ता टाळून आवाज सरळ रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमपर्यंत नेणारी. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर असेल तर तोच घाला. तो मुळातच मिळत नसेल तर असिओफोरऑल हा कामचलाऊ उपाय आहे, चालतो, पण पहिली पसंती त्याला नको.

यानंतर लॅपटॉपला एकट्याला बसवायचे. एअरप्लेन मोड लावा. वायफाय नुसते तोडून भागत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर जागाच राहतो आणि मध्येच सगळे अडवून धरतो. आवाज तुटण्याचे हे इतके नेहमीचे कारण आहे की मी बाकी काही विचारण्याआधी हेच विचारतो. ब्राउझर बंद, व्हॉट्सॲप बंद, क्लाउडमध्ये फाइल चढवणारे जे काही असेल ते थांबवा. अँटिव्हायरसला रेकॉर्डिंगचे फोल्डर वगळायला सांगा. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर न्या आणि त्यातच यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर वीज वाचवायच्या नादात लॅपटॉप तुमच्या इंटरफेसलाच डुलकी घ्यायला लावतो. एवढे करूनही तुटत असेल तर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम घरगुती वापराला फुकट मिळतो. तो दहा मिनिटे चालवा, कोणता ड्रायव्हर वाट अडवतो त्याचे नावच तो सांगतो. आणि लॅपटॉप गादीवर नको. मागच्या बाजूला दोन विटा घाला, खालून वारा खेळू द्या. हा उपाय कुठल्या सॉफ्टवेअरच्या मदतपानावर मी पाहिलेला नाही, पण उन्हाळ्यात आमच्याकडे त्याच्याइतका गुण दुसऱ्या कशानेच येत नाही.

इंटरफेस लॅपटॉपमध्ये थेट खोचा, हबमध्ये नको. चार कंडेन्सर माईकना ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यायची आणि सगळी वीज त्या एका यूएसबीतून ओढायची, वर त्याच हबवर पेनड्राइव्ह आणि माउस, म्हणजे एका बैलाला दोन बंड्या.

लोक हार्ड डिस्कला उगाच दोष देतात. हिशेब करा. २४ बिट, ४८,००० च्या एका ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. आठ ट्रॅकचे साडेअकरा लाखांच्या आसपास, सव्वा एमबीसुद्धा नाही. बरी डिस्क याच्या कितीतरी पट लिहिते. मात्र रेकॉर्डिंग थेट पेनड्राइव्हवर करू नका. स्वस्त पेनड्राइव्ह लिहिता लिहिता मध्येच श्वास घ्यायला थांबतो.

डिस्कचा दुसरा सापळा आहे, तो आपल्या लोकांना हमखास पकडतो कारण आपले भजन तासाभरात संपत नाही. जुन्या पद्धतीची वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे वाढत नाही. एफएटी३२ फॉरमॅटच्या डिस्कवरही एका फाइलला तीच मर्यादा. दोन चॅनेलची २४ बिटची फाइल चार तास आठ-नऊ मिनिटांत तिथे पोहोचते. रात्री दहाला जागर सुरू केला तर दोन वाजून गेल्यावर, म्हणजे नेमकी भैरवीकडे वळायच्या आधी, फाइल भरते. आठही माईक एकाच फाइलीत घेणारे सेटिंग असेल तर तासाभरातच खेळ खलास. म्हणून दर माईकची वेगळी फाइल ठेवा, डिस्क एनटीएफएसची असू द्या, आणि दर तासाला आरती-चहाच्या फटीत थांबवून नवे रेकॉर्डिंग सुरू करा. गेलेच तर एका तासाचे जाईल.

घड्याळाचा बिघाड थोडक्यात सांगतो. टक् आवाज ठरावीक अंतराने, अगदी नियमित येत असेल तर बफरवर संशय घेऊ नका, दोन यंत्रांची घड्याळे जुळत नाहीत असे समजा. इंटरफेस ४४,१०० वर आणि प्रोजेक्ट ४८,००० वर असे झाले तर कधी टकटक येते, कधी सूरच चढतो. काळी एकमध्ये म्हटलेले भजन पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते, पेटीवर सापडतच नाही. दोन यूएसबी माईक एकाच लॅपटॉपला लावून 'मल्टिट्रॅक' करण्याची आयडिया बरीच पोरे लढवतात. दोघांचे घड्याळ वेगळे. दशलक्षात ५० इतका जरी फरक असला तरी तासाला पावणेदोन दशांश सेकंद, म्हणजे टाळ आणि टाळी वेगळी ऐकू येईल इतका. आणि बाजारात 'आठ चॅनेल यूएसबी मिक्सर' म्हणून जे स्वस्तात मिळते त्यातून संगणकात बहुधा दोनच चॅनेल जातात. आठ वेगळे ट्रॅक मिळतील असे दुकानदार बोलला तर त्याला तिथेच लॅपटॉपवर आठ ट्रॅक दाखवायला सांगा.

आता वायरीकडे. लाट गोल आहे पण मागे घूंऽऽ असा आवाज सतत आहे, तर ती आपली वीज आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून हा आवाज ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीत १००, १५० असा येतो. शोधायची रीत एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं गेले? मग गुन्हेगार चार्जर, किंवा मिक्सरची आणि लॅपटॉपची अर्थिंग दोन वेगळ्या जागी आहे. लोक इथेच चूक करतात. चार गोष्टी एकदम बदलतात, आवाज जातो, कशाने गेला ते कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो परत येतो.

दोन जागी अर्थिंग म्हणजे काय ते देवळात पाहा. मिक्सर गाभाऱ्याजवळच्या बोर्डवर, लॅपटॉप मंडपवाल्याने शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरीवर. दोन्हींच्या जमिनीत थोडा फरक, आणि तो फरक तुमच्या केबलच्या जाळीतून वाहतो. सगळे सामान एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, निम्म्या तक्रारी तिथे थांबतात. मिक्सरमधून लॅपटॉपच्या बारक्या माईकच्या भोकात पिन खोचू नका. ते भोक माईकच्या अशक्त आवाजासाठी असते, त्यात मिक्सरचा दांडगा आवाज घातला की फाटतो आणि घूंसुद्धा घेऊन येतो. इंटरफेसमध्ये, लाइनच्या इनपुटला, बॅलन्स्ड केबलने जोडा. तरी राहिलेच तर मध्ये डीआय बॉक्स घालून त्याचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबा.

पण प्लगची तिसरी पिन तोडू नका. हे मी हात जोडून सांगतो. घूं जाते म्हणून साउंडवाली पोरे पक्कडीने अर्थची पिन उडवतात, मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिथून पुढे मिक्सरच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जायला वाट उरते ती फक्त बुवांच्या ओठांतून, कारण ते जमिनीवर बसलेले असतात आणि तोंड माईकच्या जाळीला. ओठांना झिणझिण्या आल्या असे कोणी म्हणाले की भजन तिथल्या तिथे थांबवा, मेन बंद करा, वायरमनला बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून किती वर्षे झाली ते विचारा. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायची आठवण कोणाला नसते.

घूं ऐवजी खरखरीत झर्रर्र असेल तर इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा ट्यूबचा चोक पाहा. पंखा पूर्ण ठेवा किंवा बंद ठेवा, मधल्या आकड्यावर नको. मोबाईल टर्र-टिक्-टिक् करतो तो केबलजवळ असल्यावरच, सगळ्यांचे फोन एका पिशवीत घालून पायरीवर ठेवा. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पडला की एकदाच मोठा टक् येतो. तेलंगणात २०१८ च्या १ जानेवारीपासून शेतीला चोवीस तास वीज आहे, त्यामुळे मोटार कधी चालू होईल याचा नेम नाही. मला ही तक्रार म्हणून सांगायची नाही, आमची तूर त्यावरच उभी आहे.

एक टकटक मात्र माझ्या जन्मभर लक्षात राहील. एका शेतातल्या कोठ्यावर दंडारीचा सराव घेत होतो. सहा माईक. दर सव्वा सेकंदाला टक्. अगदी नियमित. मी घड्याळावर संशय घेतला, सेटिंग तपासले, बफर वाढवला, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. दोन तास. शेवटी वैतागून एकेक माईक काढत गेलो तर पाचव्या नंबरचा काढला आणि टक् थांबली. त्या माईकची तीस मीटरची केबल कुंपणाच्या कडेने आणली होती, आणि कुंपणावर रानडुकरांसाठी झटका मशीन चालू होते. तारेत सेकंदा-सव्वासेकंदाला झटका, आणि माझ्या केबलची जाळी पिनेपाशी तुटलेली. लाट मोठी करून बघितली असती तर कडा दिसला नसता आणि लॅपटॉपवर दोन तास गेले नसते. मीच सांगितलेली लाटेची तपासणी मीच केली नव्हती. म्हाताऱ्या ढोलवाल्याने तेवढ्या वेळात तीन बिड्या ओढल्या आणि शेवटी विचारले, "मास्तर, डुकराला बांधलं का तुमी माईकाले?"

खस्स असा पावसासारखा बारीक आवाज असेल तर माईक लांब आहे आणि गेन वर आहे, एवढाच त्याचा अर्थ. माईक वीतभर जवळ आणा, गेन खाली करा. उलट, आवाज फाटत असेल तर गेन जास्त. आपल्याकडे तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आवडीने म्हणतात, आणि खंजिरीच्या थापेला मीटरचा काटा जागा होईपर्यंत थाप होऊन गेलेली असते. तालमीत बुवा हळू वाजवतात, खऱ्या भजनात रंग चढला की दुप्पट. म्हणून तालमीतली सर्वांत मोठी थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये आवाज कमी घेतल्याने काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो. शून्याला धडकून चपटा झालेला आवाज मात्र परत गोल होत नाही.

आणि रेकॉर्डिंगचे बटण दाबल्यावर लगेच भजन सुरू करू देऊ नका. सगळ्यांना पंधरा सेकंद गप्प बसायला सांगा. पोरे हसतात, बुवा खाकरतात, तरी सांगा. त्या शांततेत खोलीचा जो मूळ आवाज उतरतो तो नमुना दाखवला की ऑडॅसिटी तेवढाच आवाज बाकीच्या रेकॉर्डिंगमधून उणा करू शकते. हात आखडता ठेवा. जास्त उणे केले की माणूस डोहात डोके घालून गातो आहे असे वाटते. गप्प बसून झाल्यावर एक जोरात टाळी वाजवा. शेजारी एअरप्लेन मोडवर टाकलेला दुसरा फोन नुसता रेकॉर्डिंग करत ठेवलेला असू द्या. लॅपटॉपने दगा दिला तर फोनचा आवाज त्या टाळीवर जुळवून मधली जागा भरता येते. मामीकडे मी हे केले असते तर चौथी ओवी आज असती.

तुटलेली बारीक जागा नंतर सांधता येते. ऑडॅसिटीतले रिपेअर १२८ सॅम्पलपर्यंत काम करते, म्हणजे ४८,००० वर अडीच-पावणेतीन मिलिसेकंद. टक् बुजवायला तेवढे पुष्कळ झाले. अर्धा शब्द गेलेला असेल तर त्याला इलाज नाही, आणि तो गेला आहे हे मान्य करून मूळ फाइल तशीच जपून ठेवा. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा. मामीची ती तुटकी ओवी माझ्याकडे आहे अजून, चर्र आवाजासकट.

एवढे करूनही अडले तर मला खुशाल फोन करा. पण आधी वहीत चार गोष्टी लिहून ठेवा. टक् दुसऱ्यांदा वाजवल्यावर त्याच जागी येते का, लाट मोठी केल्यावर कडा दिसतो का, बफर कितीवर आहे, आणि चार्जर काढल्यावर फरक पडला का. एवढे सांगितलेत तर बहुतेक वेळा बोलता बोलता सापडते. फक्त पहाटे चार ते सहा करू नका. तेव्हा मी देवळात असतो आणि माझा फोन पायरीवरच्या पिशवीत.